धन्नोची चंदी

"हिच्या घोडीच्या चंदीला किती लागत असतील गं?"

मावशीनं हे विचारलं तेव्हा पडद्यावर बसंती जय-वीरूला तांग्यात घालून रामगढच्या वाटेला लागली होती आणि तिची टकळी सुरू होती. प्रश्न मला ऐकू आला, पण चटकन कळला नाही. 'शोले' मी किती वेळा पाहिलाय याची मोजदाद नाही. ठाकूरच्या शालीखाली हात नाहीत हे उघड होतं, त्या क्षणी अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. पण धन्नो काय खाते, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

२०२५ च्या ऑगस्टातली ही गोष्ट. 'शोले' लागला तो १५ ऑगस्ट १९७५ ला, म्हणजे बरोबर ५० वर्षं. मुलानं त्या निमित्तानं घरातल्या टीव्हीवर तो लावून दिला आणि तो स्वतः बाहेर निघून गेला. मावशी चार दिवस राहायला आली होती. ती ८२ वर्षांची आहे, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत, आणि रिकाम्या हातानं बसणं तिला अजून जमत नाही. पुढ्यात परात, परातीत किसणी, हातात भुट्टा. पावसाळ्यात इंदूरच्या घरात मक्याचा कीस व्हायलाच हवा, आणि तो मावशीनं किसलेला असला तर एकाही दाण्याचं टरफल दाताखाली येत नाही.

तिनं 'शोले' कधी पाहिलाच नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. मी आठेक वर्षांची असताना आम्हा सगळ्या भावंडांना तो दाखवायला नेलं होतं. तिकिटांचे पैसे मावशीचे होते, बरोबर आला होता मामा. मावशी घरी मशीनवर बसली होती. जून महिना, शाळा उघडायच्या आधीचे दिवस, गणवेशांचा ढीग. त्यानंतर 'शोले' तिनं फक्त ऐकला. संवादांची रेकॉर्ड निघाली होती, आणि गणपतीच्या दहा दिवसांत रामबागेतल्या मांडवातून ती सकाळ-संध्याकाळ वाजायची. मशीनच्या घरघरीत तिनं अख्खा सिनेमा कानांनी पाठ केलेला. गब्बरचं वाक्य सुरू झालं की ती पुढचं वाक्य भुट्ट्यावरची नजर न काढता म्हणत होती. चेहरे मात्र ती पहिल्यांदाच पाहत होती. म्हणूनच असेल, तिला जे दिसत होतं ते मला दिसत नव्हतं.

बसंतीबद्दल सिनेमा आपल्याला नेमकं काय सांगतो? ती तांगा चालवते. रामगढचं भाडं वेगळं, बेलापूरचं वेगळं, हे ती स्टेशनवरच सांगून टाकते. लोक विचारतात की मुलीच्या जातीनं तांगा का हाकावा, तर धन्नो घोडी असून तांगा ओढू शकते, मग बसंतीनं मुलगी असून तो का चालवू नये, असं तिचं उत्तर तयार असतं. उत्तर इतकं फक्कड आहे की आपण टाळी देतो आणि पुढचा प्रश्न विसरतो. घरात मौसी आहे. आई-बाप नाहीत. बाप तांगेवाला होता का? तांगा त्याचा का? घोडी हिनं विकत घेतली की वारशानं आली? लगाम हातात धरायला हिला कुणी शिकवलं, आणि पहिल्या दिवशी ती स्टेशनवर जाऊन उभी राहिली तेव्हा तिच्या तांग्यात बसलं कोण? यातलं काहीच तिथे नाही. जवळजवळ साडेतीन तासांचा सिनेमा, पण यासाठी एक वाक्य नाही.

आणि हे लिहिणाऱ्यांना गावातल्या पोटापाण्याची जाण नव्हती, असं मुळीच नाही. रहीमचाचांच्या अहमदला जबलपूरला विडीच्या कारखान्यात नोकरी लागलेली असते, आणि तो जायला तयार नसतो कारण आंधळ्या बापाला सोडवत नाही. दोन-चार वाक्यांत एक मुलगा, त्याची नोकरी, त्याचं शहर, त्याची अडचण, सगळं उभं राहतं. मध्य प्रदेशात वाढलेल्या कुणालाही 'जबलपूर' आणि 'विडी' हे शब्द शेजारी आले की तेंदूपत्त्याचा वास येईल. सूरमा भोपालीची लाकडाची वखार आहे. तुरुंगातला हरिराम न्हावी आहे. ज्याचा त्याचा धंदा चोख ठाऊक आहे. असणारच. सलीम खान इंदूरचे, इथेच १९३५ साली जन्मलेले, वडील पोलीस खात्यात. चंबळच्या डाकूंच्या गोष्टी त्यांच्या घरातच होत्या. जय आणि वीरू ही नावंसुद्धा त्यांनी इथल्या आपल्या कॉलेजातल्या मित्रांवरून उचलली. जावेद अख्तर यांचा जन्म ग्वाल्हेरचा, १९४५ चा. एक होळकरांच्या गावचा, दुसरा शिंद्यांच्या. चित्रीकरण झालं बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत, तिथे अख्खं गाव उभं केलं राम येडेकरांनी, तरी रामगढची बोलीचाली मला कायम आपल्या माळव्याच्या आसपासची वाटत आली. (त्या वर्षी 'शोले'ला फिल्मफेअरचं एकच पारितोषिक मिळालं, आणि ते संकलक एम. एस. शिंदे यांना, हे इथे सांगायचा मोह मला आवरत नाही.)

तर अशा लेखकांनी बसंतीला पोट दिलं, पण त्या पोटाचा हिशेब दिला नाही. तो हिशेब मावशी मांडू लागली.

"सकाळी उठून आधी खरारा. मग पाणी. दोन-तीन बादल्या तरी लागतात, उन्हाळ्यात जास्तच. वाळलं गवत दिवसाला पाच-सात किलो. वर तोबऱ्यात चंदी, भिजवलेले हरभरे, कोंडा. गिऱ्हाईक मिळो न मिळो, घोडी खाणारच. महिना-दीड महिन्यानं नाल बदलायचे, कारण खूर वाढतात. ही खडकाळ वाट, इथं तर लवकर झिजतील. साज फाटतो. टपाचं कापड उन्हानं तडकतं. गादी दबते." मग तिनं किसणी परातीच्या काठावर आपटून साफ केली आणि म्हणाली, "या स्टेशनावर गाडीतून उतरले किती जण? दोघं. रोज दोघंच उतरत असतील तर भागायचं कसं?"

तिला हे सगळं ठाऊक असण्याचं कारण म्हणजे मोती तबेला. इंदूरमध्ये घोडे जाऊन जमाना झाला, पण ते नावांत राहिलेत: मोती तबेला, पागनीस पागा. रोज या नावांच्या पाट्यांखालून आपण स्कूटर काढतो आणि पागा म्हणजे काय हे मुलांना सांगावं लागतं. मावशी-आई लहान असताना मोती तबेल्याच्या बाजूला वाड्यात राहायच्या. वाड्याच्या मागच्या अंगाला एका तांगेवाल्याचं बिऱ्हाड होतं. त्यांना सगळे चाचा म्हणत. स्टेशन ते राजवाडा ही त्यांची वाट. पुढे टेंपो आले, नगरसेवेच्या गाड्या आल्या आणि तांगे आटत गेले, पण त्या आधीची काही वर्षं चाचांच्या तांग्याच्या गादीचे आणि टपाचे रेक्झीन मावशी शिवायची. जाड रेक्झीन घरगुती मशीनवर शिवताना सुया मोडतात. सुईला मेणबत्ती चोळून, चाक हातानं फिरवत, एकेक टाका घालावा लागतो. हे ती सांगत होती आणि टीव्हीत धन्नो धावत होती. बसंती ज्या गादीवर बसली होती तिची शिवणही मावशीनं पाहून घेतली असणार.

मग तो प्रसंग आला.

जय मौसीकडे वीरूचं स्थळ घेऊन जातो. आम्ही लहानपणापासून या प्रसंगाला हसत आलोय. माझे दोन्ही मामेभाऊ लग्नकार्यात तो करून दाखवायचे. मौसी बिचारी साधे प्रश्न विचारते. मुलाचं खानदान काय, त्याचे लक्षण काय, कमावतो किती. जय प्रत्येक उत्तरातून वीरूचा जुगार, दारू आणि कोठा असं एकेक बाहेर काढतो, चेहरा मात्र शांत. खानदानाचा पत्ता लागला की कळवतो म्हणतो. सबंध सिनेमात माणसाच्या मागच्या आयुष्याबद्दल आणि कमाईबद्दल सरळ विचारणारी ही एकच बाई आहे, आणि सिनेमा तिला हास्याच्या जागी बसवतो. जय-वीरू कुठून आले, त्यांचे आई-बाप कोण, ते चोऱ्या का करू लागले, हे आपल्यालाही शेवटपर्यंत कळत नाही. मौसीनं विचारलं ते आपण विचारायला हवं होतं.

पण मावशी हसली नाही ती वेगळ्याच ठिकाणी. त्याच बोलण्यात मौसी म्हणते की जवान मुलगी म्हणजे छातीवर दगडाची शिळा असते. मावशीचा हात किसणीवर थांबला.

"शिळा?" ती म्हणाली. "हिच्या घरात दुसरं कमावतंय कोण?"

मी परत मागे नेऊन पाहिलं. खरंच, मौसीच्या घरात दुसरा कमावता माणूस दिसत नाही. घर चालतंय ते धन्नोच्या टापांवर. सकाळी जी मुलगी स्टेशनवर जाऊन भाडं मिळवून येते, तिच्याच पैशाचं पीठ डब्यात आहे, आणि तीच ओझं. मौसी दुष्ट नाही. लीला मिश्रांनी ती इतकी मायेची केलीय की तिचा राग येतच नाही. तिचं प्रेमही खरं आणि ते वाक्यही खरं. सरकारनं गब्बरच्या डोक्यावर ५० हजारांचं इनाम ठेवलंय, तो आकडा सांभा खडकावरून ओरडून सांगतो आणि सगळ्या देशाला तो पाठ आहे. बसंतीच्या महिन्याच्या कमाईचा आकडा मौसीलाही विचारावासा वाटला नाही.

इथून पुढे सिनेमाबद्दल लिहिणं मला अवघड जातंय, कारण मला आमच्या घराबद्दल लिहायचं आहे.

माझे आजोबा गेले तेव्हा मावशी १७ वर्षांची होती. तिच्या पाठची तीन. माझी आई सगळ्यांत धाकटी. मावशी शिवायला लागली. परकर, झबली, पोलकी, मग शाळांचे गणवेश, मग लग्नांतल्या बस्त्याचे ब्लाउज. दोन बहिणींची लग्नं त्या मशीनवर झाली, मामाचं शिक्षण त्या मशीनवर झालं. हे घरात कुणी नाकारत नाही. पण मावशीबद्दल बोलताना आमच्या घरात जे शब्द वापरले जातात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजले. 'तिचं लग्न राहून गेलं.' 'ती आमच्याकडेच असते.' 'तिचं सगळं मामानं बघितलं.' आजी तर जाईपर्यंत म्हणायची, एवढी एक काळजी माझ्या जिवाला आहे. ती काळजी समोर बसून आजीच्या औषधांचे पैसे मोजून ठेवत असायची.

आणि मी? आई गेली त्या वर्षी आम्हा भावंडांचं फोनवर बोलणं झालं. मावशीनं आता कुणाकडे राहायचं, यावर. मी म्हणाले होते, "जबाबदारी वाटून घेऊ." मी चांगल्या मनानं म्हणाले होते. भावंडांना बरं वाटलं होतं. मावशीकडे तेव्हा स्वतःची खोली होती, पोस्टात स्वतःचे पैसे होते, आणि माझ्या मुलाच्या पहिल्या वर्षाच्या फीत तिनं घातलेली भर मी तोवर परत केली नव्हती. तो शब्द मौसीच्या शिळेपेक्षा वेगळा कसा, हे मला अजून सांगता आलेलं नाही.

टीव्ही तसाच थांबवून ठेवून मी तिला विचारलं, पहिलं मशीन कुठून आलं होतं? मला उत्तर माहीत होतं. आजीच्या मामानं घेऊन दिलं, असं आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. मशीनजवळून जाताना त्या मामांचं नाव आदरानं घेतलं जायचं.

मावशी थोडा वेळ भुट्टाच किसत राहिली. मग म्हणाली, "मशीन हप्त्यानं होतं. महिन्याला दहा रुपये. दुकानदाराला घरातल्या पुरुषाची सही हवी होती, जामीन म्हणून. आईचे मामा म्हणाले, बघू. दोनदा गेले मी त्यांच्याकडे, दोन्हीदा बघू. चाचा स्टेशनावरून त्या दुकानाचा माल आणायचे, दुकानदार त्यांना ओळखायचा. ते म्हणाले, चल बेटा. तांग्यातूनच नेलं मला. सही येत नव्हती त्यांना. अंगठा दिला."

"मग मामांनी दिलं असं का सांगायचे सगळे?"

"आई सांगायची. तिला माहेरचं कुणीतरी उरायला हवं होतं ना. मीही सांगू दिलं."

म्हणून चाचांच्या गादीचं रेक्झीन ती कायम फुकट शिवत आली. सुया मोडल्या तरी. ते तांगा विकेपर्यंत.

यावर मी काय बोलणार? मी टीव्ही पुन्हा सुरू केला. मला मात्र एवढं वाटत राहिलं की बसंतीच्या तांग्यामागेही असं कुणीतरी असणार. कुणीतरी अंगठा दिला असेल. पटकथेत त्याला जागा मिळाली नाही इतकंच. किंवा त्याच्या जागी दुसऱ्याच कुणाचं नाव सांगायची गावाला सवय झाली असेल.

पाठलागाचा भाग आला. डाकू घोड्यांवर मागे, बसंती पुढे, आणि धन्नोला ती अब्रूची आण घालते. मला माहीत असलेली एक गोष्ट मी मावशीला सांगितली. या धावपळीतल्या धोक्याच्या जागी लगाम हेमामालिनीच्या हातात नाही, रेश्मा पठाणच्या हातात आहे. स्टंट करणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या त्या काळी ही मुलगी घर चालवण्यासाठी या धंद्यात आली, आणि याच तांग्याच्या दृश्यात ती जखमी झाली होती. पडद्यावर तिचा चेहरा दिसता कामा नये, हीच तिच्या कामाची अट. मावशीनं चष्मा पुसला आणि पुढे सरकून बसली. त्यानंतर ती बसंतीकडे बघत नव्हती, पाठमोऱ्या ओढणीकडे बघत होती. "हीच का? आता हीच का?" असं प्रत्येक वळणावर विचारत होती. मला सगळ्याच वेळी सांगता आलं नाही.

मग चाक निखळतं, तांगा कोसळतो, बसंती पळत सुटते आणि पकडली जाते. इथे प्रेक्षकाचा जीव बसंतीत अडकलेला असतो, माझाही होता. मावशी म्हणाली, "गेलं सगळं." मला वाटलं ती बसंतीच्या अब्रूबद्दल बोलतेय. ती तांग्याबद्दल बोलत होती. लाकडी चाक नवं करायचं म्हणजे सुतार वेगळा, वर लोखंडी धाव चढवायची म्हणजे लोहार वेगळा, आणि तेवढे दिवस घोडी उभ्यानं खाणार. चाचांचं चाक एकदा मोडलं होतं, तेव्हा दीड महिना बिऱ्हाडात चूल एकवेळ पेटायची. बसंती काचांवर नाचत असताना मावशीच्या डोक्यात तो दीड महिना होता. जया भादुरीची राधा सज्ज्यात दिवे मालवताना दिसते तेव्हा आपण गलबलतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्या खडकांत पडून राहिलेल्या मोडक्या तांग्यासाठी कुणी गलबललेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

जय गेला. ठाकूरनं गब्बरला पायांनी तुडवलं. मावशीला शेवट माहीत होता, पण फक्त आवाजाचा: बंदुका, बासरी, माउथ ऑर्गन. शेवटी स्टेशन येतं, गाडी उभी असते. वीरू ठाकूरचा निरोप घेऊन एकटा डब्यात चढतो आणि समोर बसंती बसलेली. आमच्या लहानपणी इथे थिएटरात शिट्ट्या पडायच्या. मला आजही हसू आलं. डोळ्यांत पाणीही आलं, कारण जय नाही आणि निदान हे दोघं तरी आहेत.

गाडी हलली.

मावशीनं परात बाजूला ठेवली. कीस भरपूर झाला होता, दूध घालून शिजवायला घ्यायला हवा होता. ती उठली नाही.

"ही गाडीत बसली," ती म्हणाली. "मौसीला सांगून आली असेल. पण मग घोडी?"

"मौसी बघेल."

"मौसीला खरारा येतो का?"

मी म्हटलं, मला नाही माहीत.

"विकली तर नसेल ना?" मावशी म्हणाली, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत पडद्याकडे बघत राहिली.